एकाच पावसाची दोन शेतं: वैजापूरचा पाणीहिशेब आणि संगणकातलं प्लगइन

वैजापूर तालुक्यात ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की दोन शेतांत दोन वेगळी चित्रं दिसतात. गोदाकाठाला, नागमठाणच्या बाजूच्या खोल काळ्या जमिनीत कपाशी दुपारच्या उन्हात मान टाकते आणि संध्याकाळी पुन्हा सावरते. उंचावरच्या मुरमाड जमिनीतली कपाशी आठवड्याभरातच सुकायला लागते. दोन्ही ठिकाणी पर्जन्यमापकात सारखेच मिलिमीटर भरलेले असू शकतात. मग पाणी गेलं कुठं?

शेतकऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं: जमीन धरून ठेवते तेवढंच पाणी पिकाचं. पण किती धरून ठेवते, किती वाहून जातं आणि कुठल्या गटाला कुठल्या आठवड्यात संरक्षित पाणी लागेल, हे आकड्यांत सांगायचं तर हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब आज संगणकावर होतो, आणि तो करणारा भाग अनेकदा ‘प्लगइन’ या रूपात येतो, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायची पुरवणी. प्लगइन बसवायला पाच मिनिटं पुरतात. ते आपल्या गावासाठी नीट जुळवून घेणं हे खरं काम आहे, आणि या लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे.

पावसाच्या पाण्याच्या चार वाटा

एक हेक्टर शेतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पडला, तर त्या हेक्टरवर पाच लाख लिटर आलं. या पाण्याला चारच वाटा असतात. काही उतारावरून वाहून ओढ्याला मिळतं, त्याला अपधाव म्हणतात. काही जमिनीतून आणि पानांतून वाफ होऊन हवेत जातं. काही मातीत ओल म्हणून राहतं. आणि मातीची भूक भागल्यावर उरलेलं खाली झिरपून विहिरींच्या पाण्यात भर घालतं.

वाहून किती जाईल, हे काढायची एक जुनी आणि जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं ती विसाव्या शतकाच्या मध्यात बसवली. जमिनीचा प्रकार आणि तिच्यावर काय उभं आहे, यावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा ठरतो, त्याला ‘कर्व्ह नंबर’ म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकं पाणी जास्त वाहतं. कर्व्ह नंबर ८५ असेल तर ५० मिलिमीटरच्या पावसातले सुमारे २० मिलिमीटर वाहून जातात. तोच आकडा ७० धरला तर जेमतेम सहा मिलिमीटर. एकाच सरीसाठी तिप्पट फरक, आणि तो केवळ जमिनीवर कुठलं लेबल लावलं त्यामुळे. हा फरक लक्षात असू द्या, पुढं त्याचं काम पडणार आहे.

आता साठवणीचं बघू. एक मीटर खोल काळी माती पिकाला उपयोगी पडणारं पाणी ढोबळमानानं दीडशे मिलिमीटर किंवा त्याहून जास्त धरते. वीतभर मातीखाली मुरूम लागत असेल तर तिथं तीसही धरलं जाणार नाही. भर वाढीतली कपाशी दिवसाला चार-पाच मिलिमीटर ओढते. म्हणजे उथळ जमिनीची शिदोरी आठवड्यात संपते, खोल जमिनीची महिनाभर पुरते. सुरुवातीच्या दोन शेतांचं कोडं इथं सुटतं.

एका शेतासाठी हा हिशेब कागदावर होईल. पण हजार हेक्टरचं गाव घ्या, त्याचे शंभर मीटरचे चौकोन पाडा, म्हणजे हजार चौकोन झाले. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. प्रत्येक चौकोनात, प्रत्येक दिवशी, कालची उरलेली ओल आजच्या हिशेबात धरून पुढं जायचं. सव्वा लाख गणितं, आणि हे एकाच गावाचं.

पोकरा आणि आयआयटीचं प्लगइन

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे गावोगाव ज्याला ‘पोकरा’ म्हणतात तो, जागतिक बँकेच्या साह्यानं २०१८ मध्ये सुरू झाला. मुख्यतः मराठवाडा आणि विदर्भातली पाच हजारांहून अधिक गावं त्यात होती, वैजापूरचा जिल्हाही होता. प्रत्येक गावाचा आराखडा करताना पहिला प्रश्न होता पाण्याच्या ताळेबंदाचा. त्यासाठी मुंबईच्या आयआयटीतल्या ‘सितारा’ केंद्रातल्या प्रा. मिलिंद सोहोनी यांच्या गटानं वर सांगितलेला रोजचा हिशेब मांडणारं मॉडेल तयार केलं आणि ते क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरचं प्लगइन म्हणून लिहिलं. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे माती आणि जमीनवापराचे नकाशे, जमिनीचा उतार, गावाची हद्द, पीक आणि महसूल मंडळाचा रोजचा पाऊस एवढं त्याला द्यायचं. कुठल्या भागात पिकाला किती पाणी कमी पडलं, याचा नकाशा ते परत देतं.

स्वतंत्र सॉफ्टवेअर न लिहिता प्लगइन का लिहिलं? कारण नकाशा उघडणं, थर एकमेकांवर ठेवणं, रंग भरणं, छापणं ही सगळी कामं क्यूजीआयएस आधीच करतो. तो फुकट आहे आणि त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली, २००९ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. आज जगभरच्या लोकांनी लिहिलेली हजाराहून अधिक प्लगइन्स त्याच्यासाठी मिळतात.

ट्रॅक्टर आणि त्याच्या मागच्या अवजाराचं जे नातं, तेच मूळ सॉफ्टवेअर आणि प्लगइनचं. इंजिन ट्रॅक्टरचं, नांगर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र मागं जोडायचं. अवजाराला स्वतःचं इंजिन नसतं, ते ट्रॅक्टरच्याच ताकदीवर चालतं. लहान ट्रॅक्टरला मोठं अवजार चालत नाही. आणि पेरणीयंत्र जोडलं म्हणजे पेरणी नीट होईल असंही नाही, दोन फणांतलं अंतर आणि बियाण्याची खोली आपणच बांधून द्यायची असते.

बसवताना काय घडतं

आधी एक गोष्ट पाहून घ्यावी: प्लगइन लागतंय का? उतार काढणं, दोन नकाशांची वजाबाकी करणं, गावाच्या हद्दीनं उपग्रहचित्र कापणं ही कामं क्यूजीआयएसच्या ‘प्रोसेसिंग टूलबॉक्स’मध्ये मुळातच आहेत. माझं स्पष्ट मत आहे की दिसेल ते प्लगइन बसवत सुटू नये. प्रत्येक प्लगइन हा कुणीतरी लिहिलेला कोड असतो आणि तो आपल्या संगणकावर आपल्याच अधिकारानं चालतो. फाइल वाचू शकतो, पुसूही शकतो. म्हणून लेखक कोण आहे आणि शेवटची सुधारणा कधी झाली, हे दोन्ही पाहूनच पुढं जावं.

मेनूत ‘प्लगइन्स’ आणि त्याखाली ‘मॅनेज अँड इन्स्टॉल प्लगइन्स’ असतं. तिथं नाव शोधून बटण दाबलं की क्यूजीआयएस आपल्या अधिकृत भांडारातून एक झिप फाइल उतरवतो आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये उलगडतो. एखाद्या प्रकल्पापुरतं लिहिलेलं प्लगइन भांडारात नसेल, तर त्याची झिप फाइल हातात येते. तिच्यासाठी त्याच खिडकीत ‘इन्स्टॉल फ्रॉम झिप’ आहे. इंटरनेट धड नसलेल्या ठिकाणी हा मार्ग चांगला: फाइल पेनड्राइव्हवर आणावी आणि बसवावी.

ज्या फोल्डरमध्ये प्लगइन उलगडतं, ते तुमच्या लॉगिनच्या ‘प्रोफाइल’मध्ये असतं. त्यामुळे कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकानं आपल्या लॉगिनमधून बसवलेलं प्लगइन दुसऱ्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते बसलंच नाही, असं समजू नये. सेटिंग्ज मेनूत ‘यूजर प्रोफाइल्स’मधून चालू प्रोफाइलचं फोल्डर उघडता येतं, त्यातल्या पायथन फोल्डरच्या पोटात प्लगइन्स सापडतात.

प्रत्येक प्लगइनसोबत एक छोटी मजकूर-फाइल असते. ते क्यूजीआयएसच्या कुठल्या आवृत्तीपासून चालेल, हे तिच्यात लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ती आली तेव्हा आतली भाषा पायथन २ वरून पायथन ३ वर गेली, आणि जुनी प्लगइन्स दुरुस्त केल्याशिवाय चालेनाशी झाली. म्हणून जुन्या अहवालासोबत मिळालेली झिप फाइल नव्या आवृत्तीत बसत नसेल, तर दोष बसवणाऱ्याचा नसतो. कार्यालयीन किंवा अभ्यासाच्या कामाला ‘दीर्घकालीन’ म्हणून जाहीर होणारी आवृत्ती घ्यावी. तिच्यात वर्षभर फक्त दुरुस्त्या होतात, रचना बदलत नाही.

आणखी एक अडचण हमखास येते. प्लगइन बसतं, पण उघडताना अमुक मॉड्यूल सापडलं नाही, असा लाल मजकूर येतो. काही प्लगइन्स गणितासाठी पायथनच्या आणखी संचांवर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, उपग्रहचित्रांवरून जमिनीचं वर्गीकरण करणारं लुका काँजेडो यांचं ‘सेमी ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइन’. त्याच्या आठव्या आवृत्तीला ‘रेमोटिओर सेन्सस’ नावाचा वेगळा संच आधी लागतो. विद्यार्थी तो संच संगणकावरच्या पायथनमध्ये बसवतात आणि तरी लाल मजकूर जात नाही. कारण विंडोजवर क्यूजीआयएस स्वतःचं वेगळं पायथन बरोबर घेऊन येतो आणि फक्त त्याच्यातच बघतो. स्टार्ट मेनूत क्यूजीआयएससोबत आलेली ‘ओएसजिओफोरडब्ल्यू शेल’ नावाची काळी खिडकी असते. संच तिच्यातून बसवला तरच तो योग्य जागी जातो.

आपल्या गावासाठी जुळवणी

बसवण्यात चूक झाली तर क्यूजीआयएस लाल पट्टी दाखवतो. जुळवणीत चूक झाली तर तो एक शब्द न बोलता नकाशा रंगवून देतो. तो नकाशा बरोबर नकाशाइतकाच देखणा असतो, आणि उद्या त्याच्यावरून शेततळ्याची जागा ठरू शकते. म्हणून या टप्प्यावर घाई नको.

सगळ्यात आधी अंशांचा आणि मीटरचा प्रश्न. मोबाइलच्या जीपीएसवर येणारे अक्षांश-रेखांश अंशांत असतात. हिशेबाला मात्र लांबी-रुंदी मीटरमध्ये लागते. त्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे उभे पट्टे पाडलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व हा त्रेचाळिसावा पट्टा, वैजापूर त्यात येतं. वर्धा-नागपूर चव्वेचाळिसाव्यात जातात, त्यामुळे राज्याच्या पातळीवरून आलेला नकाशा कुठल्या पट्ट्यात आहे, हे विचारूनच घ्यावं.

हे न केल्यास काय होतं? जमिनीच्या उंचीचा फुकट मिळणारा एक नकाशा २००० सालच्या अमेरिकी अवकाशयानाच्या मोहिमेतून आला आहे. त्यातली उंची मीटरमध्ये असते, पण आडवी मापं अंशांत. तो तसाच उतार काढायच्या साधनाला दिला, तर दोन शेजारच्या ठिपक्यांतलं तीसेक मीटर अंतर संगणकाला अंशाच्या काही हजाराव्या भागाएवढं दिसतं आणि उंचीतला दोन मीटरचा फरक त्यापुढं प्रचंड ठरतो. अख्खा वैजापूर तालुका जवळपास उभा कडा म्हणून येतो, उतार नव्वद अंशांच्या घरात. ते प्लगइनमध्ये गेलं की सगळा पाऊस वाहून गेला, असं उत्तर निघतं.

इथं एक फसवी जागा आहे. थरावर उजवं बटण दाबून ‘सेट लेयर सीआरएस’मधून पट्टा बदलता येतो, पण त्यानं फक्त वरची पाटी बदलते. आतले आकडे अंशांतलेच राहतात आणि गाव भलतीकडेच जाऊन पडतं. आकडे खरोखर बदलायचे तर टूलबॉक्समधलं ‘रिप्रोजेक्ट’ हे साधन वापरून नवी फाइल करावी. उंचीच्या किंवा उपग्रहाच्या चित्रासाठी ‘वॉर्प’ नावाचं साधन आहे.

> चौकट: वैजापूर तालुक्यासाठी हाताशी ठेवावं
> नकाशाचा पट्टा: यूटीएम ४३ उत्तर, सांकेतिक क्रमांक ३२६४३.
> एक अंश रेखांश म्हणजे इथं सुमारे १०५ किलोमीटर. अंतर ‘०.०१’ असं दिसलं तर ते अंशांत आहे, असं समजावं.
> तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, उदाहरणार्थ २०२३-०७-०६.
> फाइल आणि फोल्डरची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न ठेवता. फाइलच्या आतली गावांची नावं देवनागरीत चालतात.
> एक मिलिमीटर पाऊस × एक हेक्टर = १०,००० लिटर.

यानंतर रकान्यांची नावं. मंडळाचा पाऊस गावाच्या नकाशाला जोडताना प्लगइन एका ठरावीक नावाचा रकाना शोधतं. आपल्याकडे नकाशे बहुधा ‘शेपफाइल’ या जुन्या प्रकारात मिळतात आणि तिच्यात रकान्याचं नाव दहा बाइटच्या पलीकडे जात नाही. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मंडळ’ हा शब्द म, अनुस्वार, ड आणि ळ असा चार चिन्हांचा, म्हणजे बारा बाइटचा. तो दहात मावत नाही, तुटतो, आणि प्लगइनला रकाना सापडत नाही. देवनागरीत काम करायचं तर ‘जिओपॅकेज’ हा नवा प्रकार वापरावा, त्याला ही मर्यादा नाही. मराठी नावं आपल्या डेटात असायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं. शिऊर, गारज, लाडगाव ही तालुक्यातली नावं रोमन लिपीत तीन जण तीन प्रकारे लिहितात, आणि मग तीन फाइली एकमेकींना जुळत नाहीत.

पावसाच्या फाइलीत तारीख सांभाळावी. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांत दोन हजारांच्या आसपास स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आणि रोजचा पाऊस मंडळनिहाय मिळू लागला. ही मोठी सोय आहे. पण आपण ०६/०७ म्हणजे सहा जुलै लिहितो आणि अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक ते सात जून वाचतो. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढं तो अडखळतो, कारण तेरावा महिना नाही. पण बारा तारखेपर्यंतचा पाऊस तो निमूटपणे भलत्या महिन्यांत वाटून टाकतो. जुलैचा पाऊस जूनमध्ये गेला, तर पेरणीआधीच माती भरलेली दिसते आणि खऱ्या उघडिपीत पीक तगल्यासारखं दिसतं.

त्याच फाइलीत रिकाम्या रकान्याचाही प्रश्न असतो. केंद्र बंद होतं म्हणून नोंद नाही, आणि पाऊस पडला नाही म्हणून शून्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरीच साधनं रिकाम्याला शून्य धरतात. अशा दिवसांची यादी आधी काढावी आणि शेजारच्या मंडळाचा आकडा घ्यायचा की ते दिवस वगळायचे, हे ठरवून लिहून ठेवावं.

शेवटी जमीनवापराचे संकेतांक. नकाशात ‘शेती’ किंवा ‘पडीक’ असे शब्द नसतात, आकडे असतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या फुकट मिळणाऱ्या ‘वर्ल्डकव्हर’ नकाशात ४० म्हणजे शेतजमीन आणि ६० म्हणजे उघडी किंवा विरळ जमीन. दुसऱ्या संस्थेच्या नकाशात हेच आकडे वेगळं काही सांगतील. प्लगइनमध्ये कुठल्या आकड्याला कुठला कर्व्ह नंबर, याचा एक तक्ता असतो. नकाशा बदलला आणि तक्ता जुनाच राहिला, तर कपाशीचं शेत उघडा माळ ठरतं. मघाचा तिप्पट फरक इथून आत येतो.

उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा

पूर्ण गाव चालवण्याआधी एकच चौकोन घ्यावा, ज्याची जमीन आपण पायांनी तुडवलेली आहे. त्याचा चार महिन्यांचा हिशेब काढावा आणि बेरीज करावी. वाहून गेलेलं, वाफ झालेलं, खाली झिरपलेलं आणि मातीतल्या ओलीत झालेला बदल यांची बेरीज पडलेल्या पावसाएवढी आली पाहिजे. आली नाही, तर पाणी कुठंतरी हवेतून येतंय किंवा गडप होतंय, म्हणजे जुळवणीत भोक आहे. मग एक आकडा मुद्दाम बदलून पाहावा. मातीची खोली निम्मी केली की पिकाचा ताण वाढायला हवा. काहीच बदललं नाही, तर तो आकडा प्लगइनपर्यंत पोचतच नाहीये.

बेरीज जुळली तरी उत्तर आपल्या गटाचं असेलच असं नाही. मातीचे नकाशे मोठ्या पट्ट्यांचे असतात. एका पट्ट्याला एकच खोली दिलेली असते, आणि एकाच गावात ओढ्याकाठी दोन पुरुष काळी माती तर टेकाडावर वीतभर असते. शेतकरी म्हणतो, ‘ह्या वावरात एवढ्या लवकर ताण पडत नाही,’ आणि नकाशा तिथं लाल रंग दाखवतो. अशा वेळी शेतकऱ्याला विचारायचा प्रश्न सरळ आहे: इथं खणलं तर मुरूम किती फुटांवर लागतो?

कधी उत्तर वेगळंच निघतं. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली आणि तलावांतला गाळ ट्रॅक्टरनं वाहून हलक्या जमिनींवर पसरला जाऊ लागला. मातीचे नकाशे त्याआधीच्या सर्वेक्षणांवर उभे असतील तर गाळ टाकलेलं वावर त्यांच्यात अजून मुरमाडच असतं. ही नोंद कुठलंही प्लगइन आपणहून करणार नाही. मातीच्या थराची एक प्रत काढायची, संपादनाची पेन्सिल दाबायची, तो गट वेगळा कापायचा आणि खोलीच्या रकान्यात शेतकऱ्यानं सांगितलेला, जमल्यास खणून पाहिलेला, आकडा भरायचा. शेजारी आणखी एक रकाना करून हा आकडा कुणी आणि कधी मोजला तेही लिहायचं, आणि मग प्लगइन पुन्हा चालवायचं.